नऊ वाजून पाच मिनिटं

मंडळी, या शनिवारचा लेख जरा घरगुती आहे. म्हणजे विषय इतिहासाचाच, पण सुरुवात आमच्या करमाडच्या स्वयंपाकघरातून.

तर झालं असं. माझी ताई लंडनला असते. आधीची नोकरी गेल्यावर पाच महिने घरी होती, घराचे हप्ते एकट्या दाजींच्या पगारावर चालले होते. मग एकदाची नवीन नोकरी मिळाली आणि रुजू व्हायची तारीख आली ५ जानेवारी २०२६, सोमवार. इकडे आईच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी एक छापील कागद चिकटवलेला आहे, राहुकाळाचा. सोमवार साडेसात ते नऊ. आईने फोनवर बजावलं, "हे बघ, नऊ वाजेस्तोवर आत पाऊल टाकू नको. बाहेर थांब, मग जा." ताईचा या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पण पाच महिने घरी बसलेल्या माणसाला वाद घालायचं बळ नसतं. ती ऑफिसखाली कॉफी घेऊन थांबली आणि बरोब्बर नऊ वाजून पाच मिनिटांनी आत शिरली. आईला तसा मेसेजही टाकला.

मी पुण्यात. रात्री जेवण झाल्यावर सहज मनात आलं, नऊ म्हणजे कुठले नऊ? करमाडचे की लंडनचे?

आता राहुकाळ काढायची रीत अगदी सोपी आहे. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या वेळेचे आठ सारखे भाग करायचे. सोमवारी दुसरा भाग राहूचा, शनिवारी तिसरा, शुक्रवारी चौथा, बुधवारी पाचवा, गुरुवारी सहावा, मंगळवारी सातवा, रविवारी आठवा. हा क्रम लक्षात ठेवायला इंग्रजीत एक घोकंपट्टी आहे, 'मदर सॉ फादर वेअरिंग द टर्बन सडनली'. (वारांची आद्याक्षरं लावून बघा.) आकाशातला राहू, म्हणजे चंद्राची कक्षा सूर्याच्या मार्गाला जिथे छेदते तो बिंदू, त्या वेळी कुठे आहे याचा या हिशेबाशी काही संबंध नाही. वार आणि दिवसाची लांबी, एवढ्या दोनच गोष्टी लागतात. दहा ओळींचं फंक्शन.

ते लिहून चालवलं. लंडनला त्या दिवशी सूर्य उगवला साधारण ८:०५ ला आणि मावळला ४:०७ ला. दिवस आठ तासांचा, आठवा भाग एक तासाचा. सोमवारचा दुसरा भाग म्हणजे ९:०५ ते १०:०५.

ताई राहुकाळ संपल्यावर नाही, सुरू होताना आत शिरली होती. अगदी मिनिट गाठून!

काही लोक दुसरंच करतात, भारतातली वेळ घेऊन साडेपाच तास वजा करतात. तेही करून पाहिलं. करमाडचा त्या दिवसाचा राहुकाळ लंडनच्या घड्याळात पहाटे तीन ते सव्वाचार येतो. त्यात आणखी एक गंमत. पंचांगात वार मध्यरात्री बदलत नाही, सूर्योदयाला बदलतो. म्हणजे लंडनच्या पहाटे तीनला पंचांगाच्या हिशेबाने अजून रविवारच चालू असतो. सोमवारचा राहुकाळ रविवारी रात्री! हा मार्ग बाद.

खरा धक्का बसला तो करमाडचे आकडे पाहून. ५ जानेवारीला आमच्याकडे सूर्योदय ७:०४, सूर्यास्त ६:०२. सोमवारचा राहुकाळ ८:२६ ते ९:४८. आणि आईचा कागद म्हणतो साडेसात ते नऊ. म्हणजे लंडन सोडाच, कागद करमाडलाही चुकतो. किती दिवस चुकतो म्हणून वर्षभराचं कोष्टक काढलं, तर एकाही दिवशी तो पूर्ण जुळत नाही. कागदात गृहीत धरलंय सूर्योदय सहाला, सूर्यास्त सहाला, म्हणजे मध्यान्ह ठीक बाराला. करमाडला मध्यान्ह बाराला कधीच होत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१२ ला होते, फेब्रुवारीत १२:४२ ला, आणि सरासरी १२:२८.

ही अठ्ठावीस मिनिटं आली कुठून? तिथे इतिहास सुरू होतो.

भारताची प्रमाणवेळ मोजली जाते ८२॥ अंश रेखांशावर, मिर्झापूरच्या जवळून जाणाऱ्या रेषेवर. करमाड साधारण ७५॥ अंशावर. सात अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं, झाली अठ्ठावीस. पण ही प्रमाणवेळ तशी अलीकडची. रेल्वेने ती १ जुलै १९०५ पासून घेतली आणि बाकी देशाने १ जानेवारी १९०६ पासून. त्याआधी गावोगावी आपापली वेळ होती. सूर्य डोक्यावर आला की बारा. त्या व्यवस्थेत आईच्या कागदावरची मध्यान्ह तरी बऱ्यापैकी बरोबर निघाली असती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशातल्या बहुतेक रेल्वे मद्रास वेळेवर चालत, म्हणजे गाडीचं घड्याळ करमाडच्या सूर्यापेक्षा एकोणीस मिनिटं पुढे. १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे मनमाडकडून निजामाच्या मुलखात आली. आमचं स्टेशन त्याच मार्गावर आहे. सूर्याचं घड्याळ आणि स्टेशनाचं घड्याळ वेगळं असू शकतं हे इकडच्या खेड्यांना शिकवलं असेल तर रेल्वेने.

मुंबईने मात्र हे सहजासहजी मानलं नाही. मुंबईची स्वतःची वेळ प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे. जानेवारी १९०६ मध्ये नव्या वेळेविरुद्ध गिरणी कामगारांनी काम बंद केलं. कारण सरळ होतं. घड्याळ पुढे सरकवलं की भोंगा लवकर होणार, म्हणजे अंधारात उठून कामावर. सूर्य कोणाच्या बाजूने आहे हे त्यांना बरोबर कळलं होतं. शहरात 'मुंबई टाइम' पार १९५५ पर्यंत टिकून होता. एकाच शहरात दोन घड्याळं, जवळजवळ पन्नास वर्षं. (सर्व्हरचा टाइमझोन चुकला म्हणून रात्रभर जागलेल्यांनी कल्पना करून पाहावी.)

पंचांगवाल्यांना या भानगडीचा त्रास कमी होता, कारण त्यांची वेळ घड्याळावर नव्हतीच. जुन्या पंचांगात तिथी किती वाजता संपते ते लिहीत नसत. सूर्योदयानंतर किती घटी-पळांनी संपते ते लिहीत. घटी म्हणजे २४ मिनिटं, पळ म्हणजे २४ सेकंद. लग्नघरी सूर्योदयाला घटिकापात्र पाण्यात सोडायचे. तांब्याची वाटी, बुडाला बारीक भोक, भरून बुडाली की एक घटी झाली. शून्य मिनिट म्हणजे आपल्या गावाचा सूर्योदय, एवढं एकदा ठरलं की प्रमाणवेळ असो नाहीतर मद्रास वेळ, काय फरक पडतो?

पण मग दुसऱ्या गावाचं पंचांग वापरताना काय करायचं? हा प्रश्न ताईच्या आधी हजार-दीड हजार वर्षं लोकांनी सोडवून ठेवलाय. त्यासाठी दोन दुरुस्त्या होत्या. गाव पूर्वेला-पश्चिमेला असल्याची ती 'देशांतर', आणि उत्तरेला-दक्षिणेला असल्यामुळे दिवस लहान-मोठा होतो त्याची 'चर'. देशांतर मोजायची मूळ रेषा सूर्यसिद्धांताने लंकेपासून उज्जैनवरून उत्तरेला नेली आहे. उज्जैनचा रेखांश पाऊण अंश वर पंचाहत्तर. करमाड त्या रेषेपासून पाव अंशावर, म्हणजे जेमतेम एका मिनिटावर. ग्रीनिचच्या कितीतरी आधीच्या शून्य रेषेजवळ आमचं गाव आहे, हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. शेंद्र्याच्या एमआयडीसीजवळचं गाव, एवढीच आमची ओळख आजवर मी सांगत आलो.

चर काढायची रीत तर मला फारच आवडली. बारा अंगुळांचा शंकू, म्हणजे काठी, उन्हात उभी करायची. दिवस-रात्र समान असतात त्या दिवशी मध्यान्हीची तिची सावली मोजायची. ही झाली त्या गावाची पलभा. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास 'ग्रहलाघव' लिहिला, त्यात सोपा नियम दिलाय. पलभेला १०, ८ आणि ३⅓ ने गुणा, येतील ती पळं. पहिली एका राशीपर्यंतची, पुढची दुसऱ्या राशीची, शेवटची तिसरीची. तिन्हींची बेरीज म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी अर्धा दिवस किती कमी होतो ते. ज्या नाही, कोज्या नाही.

करमाडची पलभा येते ४⅓ अंगुळं. गुणाकार केला की साधारण ९२ पळं, म्हणजे ३७ मिनिटं. त्रिकोणमितीने ३६ येतात. मग कुतूहल म्हणून लंडन घातलं. पलभा १५ अंगुळं (काठीपेक्षा सावली मोठी!). नियमाने १२९ मिनिटं, त्रिकोणमितीने १३२. ज्याने लंडनचं नावही ऐकलं असेल की नाही शंका, त्याचा तोंडी करता येणारा नियम लंडनला तीन मिनिटांनी चुकतो. आणि आपण सूर्योदयासाठी लायब्ररी डाउनलोड करतो. असो.

आणखी उत्तरेला गेलं की मात्र सगळंच बंद पडतं. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला नोव्हेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. माझ्या फंक्शनने तिथे एरर दिला. सूर्य उगवला नाही तर वार कधी बदलायचा? सिद्धांतकारांना अशी ठिकाणं माहीत होती, मेरूवर सहा महिन्यांचा दिवस असतो हे सूर्यसिद्धांतातच आहे. पण तिथे कोणी नोकरीला जाईल असं त्यांनी गृहीत धरलेलं दिसत नाही :-)

गंमत म्हणजे जागेनुसार वेळ बदलते हे आपल्या आयांना चांगलं माहीत असतं. संकष्टीला मुंबईचा चंद्रोदय पाहून संभाजीनगरात कोणी उपास सोडत नाही; कॅलेंडरमध्ये गावाचं नाव शोधून वेळ बघतात. गणपतीचंही तसंच. २०२४ साली चतुर्थी आपल्याकडे ६ सप्टेंबरला दुपारी तीनला लागली, म्हणून गणपती ७ तारखेला. त्याच क्षणी कॅलिफोर्नियात ६ तारखेची पहाटेची अडीच वाजत होती, म्हणून तिथे मध्यान्हीची चतुर्थी ६ तारखेचीच. राहुकाळ मात्र आमच्याकडे आला तोच तयार कोष्टक होऊन. हा पाळायची चाल मुळात दक्षिणेकडची; माझ्या आजीला अमावस्या आणि भद्रा माहीत होत्या, राहुकाळ नव्हता. मला विचाराल तर दिवसाचा कुठलाही आठवा भाग दुसऱ्यापेक्षा वाईट असतो याला काही पुरावा नाही. पण पाळायचाच असेल तर निदान सूर्य तरी आपल्या गावचा घ्यावा.

आता प्रश्न असा की हे आईला सांगायचं का? ताई म्हणाली, "गप बस, कशाला तिच्या जिवाला घोर." मी दोन आठवडे गप्प बसलो. मग करमाडला गेलो तेव्हा चहा पिता पिता राहवलं नाही, सांगून टाकलं. लंडनचं, आणि कागदाचंही.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे आपल्याकडं जानेवारीत सोमवारी पावणेदहापर्यंत असतो म्हण की."

"हो."

"आपल्या दुकानाचं शटर बाबांनी सोमवारीच उघडलं होतं. संक्रांतीच्या आधी. कागद बघून सव्वानवाला."

बाबांनी पेपरातून डोकं वर काढलं. दुकानाला आता अकरा वर्षं झाली. त्यावरच माझं इंजिनिअरिंग झालं, ताईच्या तिकिटाचे पैसेही तिथलेच.

"मग?" मी विचारलं. "काढू का तो कागद?"

"राहू दे," आई म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "ताईचं तेवढं महिन्याच्या महिन्याला काढून पाठवत जा. तिथलं. अन् तिला सांगू नको मी मागितलं म्हणून."