पंचवीस इंचांखालची कडी

अमेरिकेत रेल्वे नवी असताना दोन डबे जोडायला लंबगोल लोखंडी कडी आणि वरून सोडायचा खिळा पुरे. डब्याच्या टोकाला खोबण असे. कडीची दोन टोकं समोरासमोरच्या खोबणींत घालून खिळे सोडले की गाडी जुळली. कुठल्याही लोहाराला घडवता येईल अशी ही वस्तू. पण डबे जवळ येत असताना डबे जोडणाऱ्या कामगाराला, म्हणजे ब्रेकमनला, मधे उभं राहून कडी हाताने खोबणीत घालावी लागे. हात निघायला क्षणभर उशीर झाला, की बोटं चिरडली. ज्याची बोटं तुटलेली तो मुरलेला ब्रेकमन, अशी ओळखच पडली होती.

व्हर्जिनियाच्या इलाय जेनीने १८७३ साली वाकवलेल्या बोटांसारख्या एकमेकांत अडकणाऱ्या आकड्यांच्या कपलरचं, म्हणजे जोडणीचं, पेटंट घेतलं. डबे भिडताच तो आपोआप लागे, मधे माणूस नको. पण खर्चाला बिचकून कंपन्यांनी बराच काळ काढला. अखेर २ मार्च १८९३ रोजी राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी कायद्यावर सही केली. राज्याराज्यांत वाहतूक करणाऱ्या रेल्वेंना आपोआप जुळणारे कपलर सक्तीचे झाले.

मात्र स्वतःचे ओंडके स्वतःच्याच सॉ मिलपर्यंत नेणाऱ्या खासगी लाइनी मुळात या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिल्या. शिवाय १८९६ च्या दुरुस्तीने एक पळवाट लेखी करून ठेवली. फक्त ओंडके वाहणारे आठचाकी डबे, ज्यांच्या जोडणीचा मध्य रुळाच्या माथ्यापासून २५ इंचांपेक्षा उंच नाही, त्यांना सूट मिळाली.

जंगलातल्या लाइनींच्या मालकांना कडी सोयीचीच होती. तिथले रूळ तात्पुरते. झाडं संपली की उखडून पुढे न्यायचे. चढउतार तीव्र, वळणं अवघड. कित्येक गाड्यांत डबा नसेच. ओंडक्याच्या दोन टोकांखाली सुट्या चाकगाड्या लावत, मधली चौकट म्हणजे तो ओंडकाच. अशा खडबडीत वाटेवर सैल कडी निभावून नेई, मोडली तर कॅम्पच्या लोहाराकडे नवी मिळे. जोखीम उरली ती गाड्या जोडणाऱ्याच्या वाट्याला. त्याच्या बोटांचा खर्च मालकाच्या हिशोबात येत नव्हता.

म्हणून बड्या रेल्वेंतून हद्दपार झालेली ही जोडणी काही लाकूडतोडीच्या लाइनींवर पुढे कैक वर्षं टिकली. पुढे ओंडके ट्रकने जाऊ लागले, लाइनीच उखडल्या गेल्या आणि कडी रुळांसोबत भंगारात गेली. सुरक्षेच्या कायद्याला जे जमलं नाही, ते ट्रकच्या स्वस्त भाड्याने केलं.