लवळ्याची वाट आणि ओढ्याचे पाणी

मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या या मंगलप्रसंगी गावाच्या इतिहासाविषयी चार शब्द लिहावेत, अशी कमिटीची आज्ञा झाली. देवळाचा इतिहास जाणकार मंडळी लिहीतच आहेत. म्हणून देवळाकडे येणारी वाट आणि ती मोडणारे पाणी, हा विषय मी घेतला आहे.

आपले गाव मुळा नदीच्या खोऱ्यात आहे. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह झाला, सेनापती बापटांनी तो लढा गाजविला, हे सर्वश्रुत आहे. धरणाचे पाणी एरवी पश्चिमेस भिरा येथील वीजगृहाकडे जाते. धरण भरले म्हणजे मात्र ते मुळेत सोडावे लागते. परंतु त्याची सूचना तहसीलकडून गावोगाव जाते. पुराचे नाव काढताच जुनी माणसे १२ जुलै १९६१ चे पानशेत सांगतात. त्या दिवशी पानशेत फुटले, खडकवासल्याची भिंतही गेली. पण तो घाला मुठेवर होता.

ओढ्याची गोष्ट वेगळी आहे. नदी सांगून येते, ओढा न सांगता येतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कोणतेही धरण फुटले नव्हते, तरी काही तासांच्या पावसाने पुण्यातील आंबिल ओढ्याने माणसे नेली. २५ जुलै २०२४ रोजी आपल्याच तालुक्यात ताम्हिणीला २४ तासांत ५५० मि.मी.हून अधिक पाऊस नोंदला गेला. सरकारदरबारी दिवसाला ६५ मि.मी.वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, यावरून सुज्ञांनी त्या पावसाची कल्पना करावी.

लवळ्याला ताम्हिणीइतका पाऊस नसतो, हे खरे. पण १०० मि.मी. पाऊस एका एकरावर पडला, तर सुमारे ४ लाख लिटर पाणी होते. उतार उघडा असेल तर त्यातले बरेचसे थोड्याच वेळात ओढ्यात उतरते. मोरी अरुंद असली किंवा काडीकचऱ्याने तुंबली, म्हणजे पाणी रस्त्यावर चढते. पलीकडे पडताना ते साईडपट्टीचा मुरूम नेते, मग खालची खडी नेते. वरचे डांबर मात्र शाबूत दिसते आणि पहिली जड गाडी येताच खचते. पंचनाम्यात ‘रस्ता वाहून गेला’ एवढेच लिहिले जाते, पण खरे कारण बहुधा मोरीच्या तोंडाशी असते.

ओढे-नाले ही कोणाची खाजगी मालमत्ता नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० प्रमाणे ते सरकारचे आहेत. गावनकाशावर ओढा दाखविलेला असतो. बांध सरकवून किंवा भराव टाकून तो शेतात बुजविता येईल, पण पावसाळ्यात पाणी आपली जुनी वहिवाट सोडत नाही.

दानशूर मंडळींनी मंदिरासाठी सढळ हस्ते दिले. शिखर झाले, सभामंडप झाला. आता त्यातच थोडी भर घालून वाटेवरील मोऱ्या रुंद कराव्यात आणि दरवर्षी मृग नक्षत्रापूर्वी एक दिवस श्रमदानाने त्यांतील गाळ काढावा, अशी नम्र सूचना आहे. भर पावसात आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे असो की म्हाताऱ्या माउलीला दर्शनाला आणायचे असो, वाट एकच आहे. ती शाबूत राहो, हीच श्रीचरणी प्रार्थना.