दालातला निवांत कुणी केलं?

व्हिएतनामच्या दक्षिण भागातल्या डोंगरांत, सुमारे १,५०० मीटर उंचीवर दालात नावाचं शहर आहे. पाइनची झाडं, सकाळचं धुकं, गावाच्या मधोमध तळं, रस्तोरस्ती कॉफी. सावकाश, रेंगाळत फिरायला आवडणाऱ्या प्रवाशांच्या यादीत ते हमखास असतं, आणि त्याच्यावरच्या लेखांत ‘इथं जणू वेळ थांबलाय’ हे वाक्यही हमखास असतं. मी वसाहतकाळातल्या थंड हवेच्या ठिकाणांवर काम करतो, त्यामुळे हे वाक्य वाचलं की मला पुढचा प्रश्न पडतो: वेळ थांबवला कुणी, आणि त्यासाठी घाम कुणाचा गेला?

आधी नाव बघू. ‘दालात’ म्हणजे लात लोकांची नदी. फ्रेंच येण्याआधी हे लोक या पठारावर राहत होतेच. पुढे फ्रेंचांनी नावातल्या पाच रोमन अक्षरांवरून एक लॅटिन ब्रीदवाक्य जुळवलं. त्याचा अर्थ साधारण असा: काहींना आनंद देतं, काहींना चांगली हवा. त्यातला ‘काहींना’ हा शब्द लक्षात ठेवा.

२१ जून १८९३ रोजी अलेक्झांद्र येर्सां हा डॉक्टर किनाऱ्याकडून डोंगर चढून लांगबियांगच्या पठारावर पोचला. हा तोच येर्सां, ज्यानं पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू शोधला आणि १८९७ मध्ये आपली लस-रक्तद्रव्यं घेऊन प्लेगग्रस्त मुंबईत आला. त्याच १८९७ मध्ये इंडोचायनाचा नवा गव्हर्नर जनरल पॉल दूमेर आरोग्यधामासाठी जागा शोधत होता. मलेरिया आणि आमांशानं फ्रेंच सैनिक, अधिकारी खंगत होते. आजारी माणसाला बोटीनं फ्रान्सला पाठवायचं म्हणजे वेळही जाई आणि पैसाही. इंग्रजांची हिंदुस्थानात आणि डचांची जावात थंड हवेची गावं होती. तसं आपलंही हवं, असं त्याचं म्हणणं. येर्सांनं लांगबियांगचं नाव सुचवलं.

आता खरी अडचण. वर हवा छान, पण वर जायचं कसं? वाट पायथ्याच्या दाट जंगलातून जायची, आणि मलेरियाचा जोर तिथंच. सामान वाहायला डोंगरातल्या लोकांना वेठीला धरलं जाई. रस्त्याच्या कामावर सपाटीवरचे व्हिएतनामी मजूर आणले गेले. त्यांतले बरेच तापानं गेले. म्हणजे युरोपीय माणसाला ज्या आजारातून सुटायचं होतं, तोच आजार त्याच्यासाठी वाट करणाऱ्यांच्या वाट्याला आला. एरिक जेनिंग्ज या इतिहासकारानं दालातवर अख्खं पुस्तक लिहिलंय. या गावाचा पाया किती महागात पडला, ते त्यात नीट कळतं.

मग रेल्वे. आपली नेरळ–माथेरान गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. किनाऱ्याजवळच्या थापचामपासून दालातपर्यंतच्या मार्गाचं काम त्याच्या पुढच्या वर्षी सुरू झालं, पण पूर्ण व्हायला १९३२ उजाडलं. अंतर फक्त ८४ किलोमीटर! पण काही टप्प्यांवर चढ इतका, की शंभर मीटर पुढं गेलं की बारा मीटर वर. साध्या रुळांवर इंजिनाची चाकं घसरली असती, म्हणून तिथं मधोमध दातेरी पट्टी टाकली. इंजिनाखालचं दातेरी चाक त्या पट्टीत अडकत अडकत गाडी वर चढवायचं.

शहराची शांतताही आराखड्यात आखलेली होती. १९२३ मध्ये एर्नेस्ट एब्रार या वास्तुरचनाकारानं दालातचा आराखडा केला. ऐसपैस बंगले, बागा, पाणी, आणि व्हिएतनामी वस्ती वेगळी. बाजाराचा गलका बंगल्यांपर्यंत पोचू नये, याची सोय आधीच झालेली. आज ज्या गल्ल्यांत रेंगाळायला मजा येते, त्यांतल्या बऱ्याच अशा ‘काहींसाठी’ आखल्या गेल्या होत्या.

युद्धाच्या काळात रेल्वे बंद पडली. १९७५ नंतर देश एक झाला, उत्तर-दक्षिण मुख्य मार्ग दुरुस्त करायचा होता, तेव्हा दालातच्या मार्गाचं सामान उखडून तिकडं नेलं. १९९० च्या सुमारास जुनी वाफेची इंजिनं स्वित्झर्लंडच्या हौशी मंडळींनी विकत घेतली. त्यांतली काही मुळात तिथल्याच फुरका मार्गावरची होती आणि १९४७ मध्ये व्हिएतनामला विकली गेली होती. आता ती पुन्हा फुरका खिंडीत पर्यटकांना सावकाश फिरवतात.

दालातमध्ये उरला सात किलोमीटरचा तुकडा, ट्राय मात गावापर्यंत. तो १९९१ मध्ये पर्यटकांसाठी पुन्हा सुरू झाला. भाजीचे मळे बघत गाडी रमतगमत जाते आणि तेवढीच परत येते. लोकांना ती आवडते ती संथ आहे म्हणून. पण ती आज कुठंच ‘जात’ नाही, कारण तिच्या पुढचा मार्गच नाहीसा झालाय.

मग काय, दालातला जाऊच नये? जरूर जावं, आणि सावकाशच फिरावं. घाईत असलेल्या माणसाला यातलं काही दिसणार नाही. १९३० च्या दशकात बांधलेल्या स्टेशनाची तीन टोकं लांगबियांगच्या शिखरांसारखी का केलीत, बंगले टेकडीवर आणि जुनी वस्ती खाली का, ट्राय मातच्या पुढं रूळ का नाहीत, हे विचारायला निवांत वेळ लागतो. तो वेळ आपल्याला ज्यांच्यामुळे मिळाला, त्यांतल्या बहुतेकांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत. माझ्या संशोधनातला बराचसा वेळ त्यांच्या खुणा शोधण्यात जातोय.