दिनविशेष – ११ जून : रहीमसाहेबांचे निधन (१९६३)
भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांचे १९६३ मध्ये आजच्या दिवशी कर्करोगाने निधन झाले. पेशाने शिक्षक असलेल्या हैदराबादच्या रहीमसाहेबांनी १९५० पासून संघ घडवला. त्यांच्या कारकिर्दीत भारताने १९५१ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक पटकावले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक नोंदवली. भारत चौथा आला. १९६२ मध्ये जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत, डोक्याला टाके पडलेल्या जर्नेलसिंग या बचावपटूला रहीमसाहेबांनी थेट आघाडीवर खेळवले. अंतिम सामन्यात त्याने आणि पी. के. बॅनर्जी यांनी गोल केले आणि दक्षिण कोरिया २-१ असा हरला. आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्ण भारताला त्यानंतर मिळालेले नाही.