कंपनी गेली, खेळ राहिला



इतिहास म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राजे, लढाया आणि जुनी कागदपत्रं येतात. आजचा इतिहास जेमतेम वीस वर्षांचा आहे आणि तो एका कॉम्प्युटर गेमचा आहे. कुणी म्हणेल, यात कसला आलाय इतिहास? पण या गोष्टीत बुडालेली एक कंपनी आहे, तिचं अर्धवट राहिलेलं काम आहे, आणि ते काम एक पैसाही न घेता वर्षानुवर्षं पुढे नेणारा एक जर्मन रसायनशास्त्रज्ञ आहे. शिवाय इतिहासाच्या प्रत्येक अभ्यासकाला कधी ना कधी छळणारा प्रश्नही आहे : जुनी वस्तू दुरुस्त करताना आपण ती वाचवतो, की बदलून टाकतो?

तारीख १६ नोव्हेंबर २००४. त्या दिवशी अमेरिकेत दोन खेळ एकदम बाजारात आले. एक होता ‘हाफ-लाइफ २’. लोक त्याची कित्येक वर्षं वाट पाहत होते. दुसरा होता ‘व्हँपायर : द मास्करेड – ब्लडलाइन्स’. पहिल्याचं नाव आजही गेम न खेळणाऱ्यांच्या कानावर असतं. दुसरा त्या गर्दीत चिरडला गेला. सुरुवातीच्या काळात त्याच्या सत्तर-बाहत्तर हजारांच्या आसपासच प्रती खपल्या, आणि एवढ्या मोठ्या खेळासाठी हा आकडा म्हणजे दिवाळंच.

दोन्ही खेळ एकाच दिवशी यावेत हा योगायोग नव्हता. गेमच्या पोटात एक ‘इंजिन’ असतं. चित्र कसं दिसायचं, दार कसं उघडायचं, माणूस कसा चालायचा, हे सगळं ते सांभाळतं. ब्लडलाइन्स ज्या ‘सोर्स’ इंजिनावर उभा होता, ते हाफ-लाइफ २ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचं होतं. करार असा होता की हाफ-लाइफ २ बाजारात येण्याआधी ब्लडलाइन्स विकायचा नाही. त्यात इंजिनही अजून तयार होत होतं. घराचा पाया भरणं चालू असताना वरचे मजले चढवायला सांगावं, तशी गत.

हे मजले चढवणाऱ्या कंपनीचं नाव होतं ट्रॉइका. ट्रॉइका म्हणजे त्रिकूट. टिम केन, लेनर्ड बोयार्स्की आणि जेसन अँडरसन या तिघांनी १९९८ मध्ये ती काढली. १९९७ चा गाजलेला ‘फॉलआउट’ ज्या चमूनं बनवला, त्यातलेच हे तिघे. मोठ्या कंपनीतून बाहेर पडून त्यांनी आपल्या मनासारखे खेळ करायला घेतले, आणि केले तीनच : २००१ मध्ये ‘आर्केनम’, २००३ मध्ये ‘द टेंपल ऑफ एलिमेंटल ईव्हिल’ आणि २००४ मध्ये ‘ब्लडलाइन्स’. तिन्हींत कल्पना अफाट होत्या आणि तिन्ही खेळ चुकांनी भरलेले होते. डिसेंबर २००४ मध्ये ब्लडलाइन्सचा शेवटचा अधिकृत पॅच आला, क्रमांक १.२. फेब्रुवारी २००५ मध्ये ट्रॉइकाला कुलूप लागलं.

आता त्या वेळच्या खेळाडूच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. पैसे मोजून खेळ घेतलाय. रात्री जागून अर्ध्याहून जास्त संपवलाय. ‘सोसायटी ऑफ लिओपोल्ड’ नावाच्या मोहिमेच्या शेवटी होडीत बसून निसटायचं असतं. अनेकांचा खेळ नेमका तिथेच बंद पडायचा. लोक एकमेकांना सांगायचे, अमुक कळ दाबून कन्सोल उघडा, तमुक आज्ञा टाइप करा, म्हणजे पुढच्या भागात पोचाल. चोरवाटेनं उडी मारून आपल्याच विकतच्या खेळात पुढे सरकायचं! आणि तक्रार कुणाकडे न्यायची? खेळ बनवणारे बेकार झाले होते, आणि जो खेळ खपलाच नाही त्याच्यावर आणखी खर्च कोण करणार?

असले शेकडो खेळ येतात आणि विसरले जातात. मग याच्याच मागे लोक का लागले?

कारण मोडका असला तरी खेळ विलक्षण होता. हा रोल-प्लेइंग गेम. म्हणजे आपण एक पात्र घ्यायचं, त्याच्या नजरेनं जगायचं आणि आपल्या निर्णयांचे परिणाम भोगायचे. जागा लॉस एंजेलिस, काळ आजचा, आणि आपण नुकतेच व्हँपायर, म्हणजे रक्तावर जगणारं पिशाच्च झालेलो. सात कुळांतलं एक निवडायचं. नॉस्फेरातू कुळ घेतलं तर रूप इतकं भेसूर की माणसांसमोर यायची सोय नाही, गटारांतूनच शहर ओलांडायचं. मॅल्कॅव्हियन कुळ घेतलं तर डोकं ठिकाणावर नाही. मग आपली सगळी वाक्यंच वेगळी होतात, आणि एके ठिकाणी तर आपण रस्त्यावरच्या ‘स्टॉप’च्या पाटीशी हुज्जत घालतो. त्याच खेळात ‘ओशन हाउस’ नावाचं एक जळालेलं हॉटेल आहे. तिथे मारायला एकही शत्रू नाही. फक्त आवाज, हलणाऱ्या वस्तू आणि आपली धडधड. वीस वर्षांनंतरही लोक त्या हॉटेलाबद्दल बोलतात. एवढं चांगलं लिहिलेलं काम केवळ तांत्रिक चुकांपायी फेकून द्यायचं, हे काही जणांच्या जिवावर आलं.

बाहेरच्या माणसाला खेळ दुरुस्त करता येतो तरी कसा, हे इथे समजून घेऊ. गेमचे ढोबळमानानं दोन भाग असतात. एक इंजिन. ते यंत्राच्या भाषेत बंद केलेलं असतं, उघडून वाचता येत नाही. दुसरा भाग मालमसाल्याचा : संवाद, चित्रं, आवाज, नकाशे, आणि ‘हे घडलं की ते घडव’ अशा सूचना. हे दोन भाग वेगळे ठेवण्याची रीत १९९३ च्या ‘डूम’नं रूढ केली, आणि तिथूनच मॉडचं, म्हणजे खेळाडूंनी केलेल्या फेरफारांचं पीक आलं. काही कंपन्या पुढे स्वतःच हत्यारं देऊ लागल्या. २००२ च्या ‘मोरोविंड’बरोबर ते जग बनवायचं साधनच खेळाडूंच्या हाती दिलं होतं. ट्रॉइकाला एवढी उसंत मिळाली नाही. पण एक गोष्ट लोकांच्या पथ्यावर पडली. ब्लडलाइन्समधले संवाद साध्या मजकुराच्या फाइलींत होते आणि घटनांच्या सूचना पायथन या वाचता येण्याजोग्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेल्या होत्या. तिजोरी बंद होती, पण चोपड्या उघड्या होत्या.

पहिल्या काही दुरुस्त्या डॅन अपराइट या खेळाडूनं केल्या. मग त्याच्या परवानगीनं वेर्नर श्पाल यांनी काम हाती घेतलं. श्पाल व्यवसायानं विश्लेषक रसायनशास्त्रज्ञ. गेमच्या धंद्याशी त्यांचा संबंध नाही, आणि ‘वेस्प५’ या टोपणनावानं ते जास्त ओळखले जातात. सुरुवातीचं काम मुद्रितशोधकाचं होतं. इथे संवादात चूक आहे, तिथे अट उलटी लिहिली आहे, या दारामागे पात्र अडकून पडतं. एक चूक काढली की लोक दुसरी दाखवायचे. आवृत्तीमागून आवृत्ती निघत गेली, आकडा दहाच्या पुढे गेला, आणि काम सुरूच राहिलं.

हे करता करता त्यांना एक वेगळीच गोष्ट सापडली. विकल्या गेलेल्या खेळाच्या फाइलींत न वापरलेला ऐवज पडून होता. लिहिलेले पण कधीच ऐकू न येणारे संवाद, तयार पण खेळाडूच्या हाती न येणारी शस्त्रं, अर्धवट सोडलेल्या कामगिऱ्या. वेळ संपली तेव्हा ट्रॉइकाच्या लोकांनी वायर तोडून ठेवली होती, सामान मात्र घरातच होतं. श्पाल आणि त्यांचे मदतनीस वायरी जोडू लागले. पात्रं परत आली, कामगिऱ्या लांबल्या, एक अख्खं ग्रंथालय खेळात परत आलं.

आणि इथेच भांडण लागलं.

चूक दुरुस्त करायला कुणाची हरकत नव्हती. पण गाळलेला भाग परत घालणं ही दुरुस्ती झाली का? तो वेळ नव्हता म्हणून गाळला, की बनवणाऱ्यांनाच नको होता म्हणून? आणि पोकळी भरताना दुरुस्ती करणाऱ्यानं स्वतःच्या पदरचं काही घातलं तर? मूळ खेळात नाक खुपसू नका, नुसत्या चुका काढा, असं म्हणणाऱ्यांनी ‘ट्रू पॅच’ नावाची वेगळी दुरुस्ती काढली. दोन्ही बाजूंचं प्रेम खरं होतं, म्हणून भांडणही कडाक्याचं झालं.

मराठी वाचकाला हा वाद नवा वाटू नये. ज्ञानेश्वरी लिहून झाल्यावर जवळपास तीनशे वर्षं तिच्या नकला होत राहिल्या. हातानं नक्कल करताना शब्द बिघडले, पाठ वेगळे झाले. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिची शुद्ध प्रत तयार केली. ती करून झाल्यावर पुढच्यांना त्यांनी स्पष्ट बजावलं, की यात स्वतःची ओवी घालू नका. कुठे ज्ञानेश्वरी आणि कुठे पिशाच्चांचा खेळ! मोठेपणात यांची तुलना नाही. पण कामाची जात तीच आहे. संशोधकानं मूळ लेखकाला वाट करून द्यायची असते, त्याच्या खुर्चीत बसायचं नसतं.

श्पाल यांनी अखेर जो मार्ग काढला, तो मला या सगळ्या कहाणीत सर्वांत शहाणपणाचा वाटतो. एकाच पॅचचे त्यांनी दोन पर्याय ठेवले. ‘बेसिक’मध्ये मुख्यतः दुरुस्त्या. ‘प्लस’मध्ये परत आणलेला ऐवज आणि फेरफार. आणि पॅच वेगळ्या फोल्डरमध्ये बसवायची सोय केली, म्हणजे मूळ खेळाच्या फाइली जशाच्या तशा राहतात. चांगल्या संपादित ग्रंथात मूळ संहिता वर आणि पाठभेद खाली असतात ना, तसंच. कुणाला २००४ चा खेळ पाहायचा असेल तर तो अजूनही तिथे आहे.

दुरुस्ती एकदा करून संपत का नाही, याचंही कारण आहे. खेळ बदलला नाही तरी भोवतालचं यंत्र बदलतं. २००४ च्या कॉम्प्युटरांना जेवढी मेमरी असायची त्या हिशेबानं हा खेळ लिहिलेला होता. पुढे मेमरी कित्येक पटींनी वाढली आणि खेळाचं गणित चुकलं. भरपूर मेमरीच्या मशीनवर तो म्हणायचा, १५ एमबीपेक्षाही कमी मेमरी शिल्लक आहे, मी चालणार नाही! पडदे रुंद झाले, तेव्हा जुन्या चौकोनी पडद्यासाठी आखलेलं चित्र बिघडलं. या प्रत्येक वेळी पॅच करणाऱ्यांनी नवा उपाय शोधला. जुनं लाकूड तेच, पण दर पावसाळ्याआधी छपराची शाकारणी करावी लागते.

ट्रॉइकाच्या उरलेल्या दोन खेळांचंही असंच झालं. ‘आर्केनम’ला चाहत्यांचा पॅच आहे. ‘टेंपल’साठी ‘सर्कल ऑफ एट’ या गटानं मोठा मॉडपॅक केला. कंपनी सात वर्षंसुद्धा टिकली नाही, पण तिचे तिन्ही खेळ आज चालतात ते ग्राहकांच्या मेहनतीवर.

तुमच्यापैकी कुणाला हा खेळ आज खेळायचा असेल तर दोन-चार गोष्टी सांगतो. मूळ खेळ रीतसर विकत घ्या, पॅच फुकटच असतो. जीओजी या दुकानातली प्रत पॅचसकट येते, स्टीमवरच्या प्रतीत तो आपण घालायचा. खेळ विंडोजच्या ‘प्रोग्रॅम फाइल्स’ फोल्डरबाहेर ठेवा, नाहीतर विंडोज फाइली बदलू देत नाही. पहिल्यांदा खेळताना बेसिक घ्या, दुसऱ्या फेरीला प्लस. एका वेळी एकच मॉड घाला, म्हणजे बिघडलं तर कशानं बिघडलं ते कळेल. खेळ मध्यावर असताना पॅच बदलू नका. आणि सोबतची सूचनांची फाइल आधी वाचा. ती लिहिणाऱ्यानं आपल्या झोपेच्या वेळातून ती लिहिलेली असते.

शेवटी एक आकडा. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकी संस्थेनं २०२३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज दुकानात मिळत नाहीत. पुस्तक छापणं बंद झालं तरी एखाद्या वाचनालयाच्या कपाटात ते धूळ खात उभं असतं, कुणी काढलं तर वाचता येतं. खेळाचं तसं नाही. डबी कपाटात असली तरी तो चालवणारं यंत्र निघून गेलेलं असतं. त्याला वाचनालय पुरत नाही, सतत हात लावणारा माणूस लागतो.

मालकी हक्क कंपन्यांकडे असतात, आणि असायलाही हवेत. पण हक्क असणं वेगळं आणि काळजी असणं वेगळं. ब्लडलाइन्स आज सुरू होतो, होडी किनाऱ्यावरून सुटते, ग्रंथालयाचं दार उघडतं, ते ज्यांच्याकडे काळजी होती त्यांच्यामुळे. आपल्या घरात, गावात, भाषेत अशा किती गोष्टी मोडक्या अवस्थेत पडल्या आहेत, ज्यांचा मालक आहे पण वाली नाही, तेवढं एकदा आठवून पाहा.

आजचा भाग इथेच थांबवतो. पुन्हा भेटू. नमस्कार.