नाळेचा पुरावा : मिनामाता येथील जन्मजात पारदविषबाधा
जपानच्या कुमामोतो प्रांतातील मिनामाता येथे १ मे १९५६ रोजी मज्जासंस्थेच्या एका अज्ञात विकाराची अधिकृत नोंद झाली. लोक त्यास 'किब्यो', म्हणजे विलक्षण रोग, म्हणत. चिस्सोच्या कारखान्यात १९३२ पासून अ‍ॅसिटाल्डिहाइडच्या उत्पादनात पारा वापरला जाई. त्यातून निर्माण झालेला मिथिल पारा सांडपाण्यावाटे समुद्रात व मासळीवाटे माणसांत उतरला.

त्याच काळात जन्मलेल्या काही बालकांना मान धरता येईना, वाचा फुटेना. त्यांनी मासळी खाल्लेली नव्हती आणि त्यांच्या मातांमध्ये लक्षणे बहुधा सौम्य होती. वार गर्भाचे विषापासून रक्षण करते, अशी वैद्यकाची तत्कालीन धारणा असल्याने या व्याधीस 'मेंदूजन्य पक्षाघात' असे नाव मिळाले. हा केवळ संज्ञेचा प्रश्न नव्हता. या नावामुळेच ती बालके १९५९ च्या सानुग्रह रकमेपासून वंचित राहिली. शवविच्छेदनाचा पुरावा पुढे आल्यावर १९६२ साली १६ बालकांना जन्मजात मिनामाता रोगी म्हणून मान्यता मिळाली.

मुलाची नाळ वाळवून जपून ठेवण्याची चाल जपानात आहे. मासाझुमी हारादा व त्यांचे सहकारी यांच्या १९७५ च्या शोधनिबंधात अशा नाळांतील पाऱ्याचे मापन आले, आणि कारखान्याच्या उत्पादनाशी त्याचा संबंध दिसून आला. मातेच्या दुधातूनही मिथिल पारा उतरतो. तथापि वारेतून होणारे त्याचे संक्रमण अधिक असते.

सारांश, गर्भ सुरक्षित असतो हे गृहीत तपासण्यास जो विलंब झाला, त्याचे मोल त्या बालकांना द्यावे लागले.