खिल्लार कशासाठी घडलं?

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला माणदेश, म्हणजे साताऱ्याचं माण, सांगलीचं आटपाडी. इथलं खिल्लार म्हैसूरकडच्या हल्लीकर जनावरांपासून आलं असं मानतात. थिलारी पशुपालकांनी ते निवडून निवडून जोपासलं. पण निवड एकट्या माणसाची नव्हती, दुष्काळाचीही होती. कडब्यावर, उन्हातल्या लांब चालीत जी तगली, त्यांचीच वासरं वाढली. उत्क्रांती काही फक्त डायनासोरची नसते!

मग मोटेच्या जागी इंजिन आलं, नांगराला ट्रॅक्टर. २०१४ला शर्यतींवर बंदी आली. २०२३ला सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्राचा शर्यतींना परवानगी देणारा कायदा वैध ठरवला. खिल्लार त्यामुळे दावणीला राहिलं, हे खरंच. पण आता खोंडाची किंमत बऱ्याचदा वेगावर ठरते. शर्यतीचा बैल खुराकावर पोसतात, सावलीत बांधतात. अर्धपोटी तगण्याची परीक्षा त्याला द्यावीच लागत नाही. आणि ऊन तर आताच वाढतंय.